टॉवेल असेल तर मोटर बंद

७ एप्रिल, सोमवार

आले बाई एकदाची शिक्रापुरात! आईचं म्हणणं होतं, केडगावहून रोज ये-जा कर. पण दोन गाड्या बदलून वर चौकातल्या ट्रकांच्या रांगेत निम्मा जन्म घालवण्यापेक्षा भाड्याची खोली परवडली. खोली म्हणजे चार भिंती, एक मोरी आणि हायवेचा अखंड घर्रघर्र आवाज. शेजारी कारखान्यात जाणारी बिहारची तीन मुलं राहतात. त्यांनी माझी गादी जिन्यावरून वर चढवून दिली आणि पाणी सकाळीच भरून ठेवा दीदी, असा मोलाचा सल्लाही दिला.

ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ आहे. शेतातली मोटर आपोआप चालू-बंद करणारी छोटी यंत्रं आमची कंपनी बनवते. लाईट आली की मोटर चालू, टाकी भरली की बंद. कंपनीचा एक ऑनलाइन फोरमही आहे. गावोगावचे वायरमन, आयटीआय झालेली मुलं, हौशी शेतकरी या यंत्रांसाठी लिहिलेले आपापले कोड तिथं टाकतात आणि एकमेकांचे उचलतात. त्या पोस्ट नीटनेटक्या करणं हे माझं काम. फोनवर आबांना समजावून सांगितलं, तर म्हणाले, म्हंजी लोकांची भांडी घासून फळीवर लावायची व्हय. अगदी बरोबर तेच!

रोजनिशी मोबाईलवरच लिहायची ठरवली आहे. बघू किती दिवस टिकते.

८ एप्रिल, मंगळवार

फोरमवर लिहायची जी खिडकी आहे, तिला सगळे एडिटर म्हणतात. ही एडिटर फार शहाणी आहे आणि तिथंच सगळी बोंब आहे. साधं लिहिलेलं तिला बघवत नाही. सरळ अवतरणचिन्हं टाकली की ती वाकडी करून सजवते. दोन छोट्या रेघा दिसल्या की त्यांची एक लांब रेघ करते. ओळीच्या सुरुवातीला # आला की तिला वाटतं हे शीर्षक आहे, मग ती अख्खी ओळ पानभर ठळक करून टाकते. कोड लिहिणारे नेमकं तेच चिन्ह आपल्या सूचनांसाठी वापरतात. ती सूचना यंत्र वाचत नाही, माणसानं वाचायची असते. त्यामुळे एखाद्यानं सहज लिहिलेलं ‘वायर तपासणे’ फोरमवर निवडणुकीच्या बॅनरएवढं दिसतं. हसून हसून पुरेवाट झाली.

यावर उपाय म्हणजे कोडला वेगळ्या चौकटीत घालायचं आणि सेव्ह करायचं. चौकटीत एडिटर लुडबुड करत नाही, असं सत्यजीत सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. सर म्हणजे आमचे मालकच. माझ्या शेजारी शितल बसते. ती फोनवर येणाऱ्या तक्रारी घेते आणि डब्यातली भाजी वाटून खाते. चांगली वाटली.

१० एप्रिल, गुरुवार

आज एक झकास पोस्ट सापडली. लिहिणारे आहेत कासुर्डीचे रखमाजी आप्पा. फोरमवर सगळ्यात जास्त वाचली गेलेली हीच.

आमच्याकडे विहिरीत उतरणारा माणूस आपला टॉवेल मोटरच्या पेटीला लटकवून मगच उतरतो. टॉवेल दिसला की पेटीला कुणीही हात लावत नाही, शेजारी असो, पाहुणा असो की वायरमन. लहानपणी बिरदेवनं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, वाळत घातलाय समजून असा एक टॉवेल उचलला होता. आजोबांनी त्याला जी थप्पड दिली, ती अख्ख्या वस्तीनं ऐकली. पण हल्ली यंत्रं आपोआप मोटर चालू करतात. पेटीला हात लावायची गरजच उरली नाही, मग बिचारा टॉवेल कुणाला थांबवणार?

आप्पांनी त्यावर डोकं लढवलं. पेटीला अशी खुंटी बसवली, की टॉवेलच्या वजनानं ती खाली झुकते आणि आतलं बटण दाबलं जातं. आणि कोडमध्ये एक ओळ घातली: टॉवेल असेल तर मोटर बंद. वर सूचना: # आत माणूस हाय. एडिटरनं अर्थातच त्या सूचनेचा भलामोठा बॅनर केला होता. मी ती अक्षरं बारीक केली, कोड चौकटीत घातला आणि सेव्ह केलं. पोस्ट कशी सुबक दिसायला लागली. मग फोरमवरूनच कॉपी करून बिरदेवला व्हॉट्सअॅप केली. आपल्या विहिरीला असं काहीतरी करायचं, म्हणून तो कधीचा मागे लागला होता.

१३ एप्रिल, रविवार

घरी जाऊन आले. बिरदेवनं कोड घालून यंत्र बसवलंसुद्धा! सगळ्यांना विहिरीवर नेऊन त्यानं प्रयोग करून दाखवला. लाईट होती. टाकी काठोकाठ भरलेली होती, आई कडेला कपडे धूत होती. पठ्ठ्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून खुंटीला अडकवला आणि जादूगारासारखे हात पसरले. मोटर गप्प. आबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. शेजारच्या रानातले दगडोबा मामा बांधावरून बघत होते, ते म्हणाले, वाडवडलांच्या टॉवेलाला आता डोकं फुटलं म्हणायचं.

यंत्रात एसेमेससाठी दुसरा नंबर माझा घातला आहे. त्यामुळे आता मला रोज बातमी कळणार: लाईट आली, मोटर चालू. एवढ्यावर न थांबता त्यानं फोरमवर खातं उघडून आप्पांच्या पोस्टखाली लिहिलं, कॉपी केलं, बसवलं, एक नंबर, धन्यवाद ताई. ऑफिसात माझी लाज काढणार हा. पण खरं सांगते, मनातून छान वाटलं.

१५ एप्रिल, मंगळवार

आप्पांच्या पोस्टमधली सूचना परत बॅनरएवढी झाली आहे. आत माणूस हाय. कुणी बदललं याची नोंद फोरम ठेवतो, तिथं आप्पांचंच नाव होतं. म्हाताऱ्या माणसाला मोठी अक्षरं आवडत असतील. मी ती पुन्हा बारीक केली, सेव्ह केलं आणि त्यांना नम्रपणे लिहून पाठवलं, की चौकटीतलं कृपया बदलू नका.

१६ एप्रिल, बुधवार

उत्तर आलं नाही. अक्षरं मात्र कालच्यापेक्षा मोठी झाली आहेत आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहिली आहे. पान खाली सरकवत गेलं तरी तेच, आत माणूस हाय, आत माणूस हाय. आप्पांच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे ते त्या क्षणी फोरमवर होते. मी सगळं पुसलं. मी पुसत असतानाच ते खालून परत उमटत होतं. शेवटी मीच जिंकले. सेव्ह.

शितलला दाखवलं तर तिनं डबा बंद केला. म्हणाली, त्या पोस्टला हात लावू नको. तुझ्या आधीची मुलगी ह्याच पोस्टपायी नोकरी सोडून गेली. का, ते सांगेना. भाजीसुद्धा दिली नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

शितल टेबलाखाली मोबाईल धरून काहीतरी करत असते. मी आज नीट लक्ष ठेवलं. तिनं मोबाईल हातात घेतला की आप्पांचा हिरवा ठिपका लागतो. ठेवला की विझतो. एकदा झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं. ही आप्पांच्या नावानं मला छळते आहे का? आधीच्या मुलीलाही हिनंच पळवून लावलं असेल?

माझ्या खात्याचा पासवर्ड बदलला. तिच्याशी आता जेवढ्यास तेवढं.

१९ एप्रिल, शनिवार

शितल आज रजेवर होती. तरी ठिपका हिरवा.

म्हणजे ती नाही. उगाच तिच्यावर आळ घेतला. मग कोण? सत्यजीत सरांना विचारलं, आप्पांशी फोनवर बोलायचं आहे, नंबर मिळेल का? सर माझ्याकडे न बघता म्हणाले, जुनी पोस्ट आहे, ती वाचायलाच लोक फोरमवर येतात, राहू दे आहे तशी. मग दार लोटून घेतलं. एवढ्या साध्या प्रश्नाला दार लोटायचं कारण काय?

आप्पांचं खातं मी बंद करून टाकलं. ब्लॉक. आता कुणी का असेना, त्या नावानं काही लिहिता येणार नाही.

उद्या घरी जाताना कासुर्डीला उतरणार आहे. या आप्पांना एकदा डोळ्यांनी बघायचंच.

२० एप्रिल, रविवार

आप्पा नाहीत. गेल्या वर्षी वारले.

त्यांच्या बायकोनं, धुरपदाबाईंनी, मला ओसरीवर बसवून पाणी दिलं. मी कंपनीतून आले म्हटल्यावर क्षणभर त्यांचा चेहरा कडू झाला, मग सांगत गेल्या. आप्पांचं यंत्र सुरुवातीला चांगलं चालायचं. मग लाईट कमी-जास्त होऊन ते जळालं. आप्पांनी नवं आणलं आणि कोड परत कशाला लिहायचा, आपलाच तर हाय, म्हणून फोरमवरून स्वतःचाच उतरवून घातला. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं, तेव्हा मोटर खाली सोडायला उतरले. टॉवेल स्वतःच्या हातानं लटकवला होता. लाईट आली. मान्सं धावली तवा टॉवेल खुंटीला तसाच हुता आन् मोटर चालू हुती, असं त्या दोनदा म्हणाल्या. मोबाईल आप्पांच्या खिशात होता, तो गाळात गेला. बाकी सगळं काढलं, मोबाईल काही मिळाला नाही.

निघताना त्यांनी मला विचारलं, की ह्यांचं लिव्हलेलं लोक आजून वाचत्यात का? मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटलं. मला तिथून कधी एकदा निघते असं झालं होतं.

घरी पोचल्यावर आधी विहीर गाठली. बिरदेवला परत टॉवेल लटकवून दाखवायला लावला. मोटर बंद. टाकी काठोकाठ भरलेली, मोटर बंद, सगळं व्यवस्थित. तो हसायला लागला, म्हणाला, ताये, आता तर फ्यूज काढायचीबी गरज न्हाई. आमच्याही विहिरीचं पाणी खाली गेलंय. मंगळवारी आबा आणि आई लग्नाला जातील, तेव्हा तो उतरून मोटर खाली सोडणार आहे.

आमचं तर चालतंय. मग आप्पांचं का चाललं नाही?

२१ एप्रिल, सोमवार

सरांना सरळ विचारलं. वायरिंगमध्ये दोष होता म्हणाले. फार पटकन म्हणाले. मग म्हणाले, तू नवीन आहेस, कामाशी काम ठेव, पुढं पर्मनंट करायचंय तुला.

कोड कुणीतरी बिघडवलाय. नोंदी पाहिल्या. आप्पा जाण्याआधी त्या पोस्टला हात लावला होता आधीच्या मुलीनं. कारण लिहिलंय, फॉरमॅटिंग नीट केले. त्यानंतरची सगळी नावं माझी. फॉरमॅटिंग नीट केले. फॉरमॅटिंग नीट केले. अधूनमधून आप्पा, फक्त तेवढी एक ओळ मोठी करायला.

त्या मुलीला सरांनी सांगितलं असेल? की तिनंच मुद्दाम? आणि मेलेल्या माणसाच्या नावानं लिहितंय कोण?

खातं ब्लॉक आहे. हिरवा ठिपका आज दिवसभर विझला नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळ. ऑफिस.

कुणीच बिघडवलेलं नाही. मी बिघडवलंय.

आत्ता स्वतः करून पाहिलं. शांतपणे लिहिते, म्हणजे मला नीट कळेल. एका कोऱ्या पोस्टमध्ये अगदी बरोबर कोड लिहिला, चौकटीत घातला, सेव्ह केला. उघडून पाहिला. टॉवेलची ओळ चार घरं आत सरकली होती. एडिटरनं सरकवली. वरची ओळ आहे टाकी भरल्याची, तिच्या पोटात गेली. कोडमध्ये ओळीच्या आधीच्या मोकळ्या जागेला अर्थ असतो. आत गेलेली ओळ वरच्या अटीच्या ताब्यात जाते. आता यंत्र म्हणतं, टाकी भरली असेल तरच टॉवेल बघ. टाकी रिकामी असेल तर टॉवेलकडे बघतच नाही. लाईट आली की मोटर चालू.

दिसायला सगळं सुबक. चार घरांचा फरक कुणाच्या नजरेत भरतो?

त्या मुलीनं सेव्ह केलं, मग आप्पांनी स्वतःचा कोड डोळे झाकून उतरवला. मी सेव्ह केलं, आणि मग—

बिरदेवला पाठवला. सेव्ह केल्यावर. तिथूनच कॉपी करून.

दोन्ही वेळा टाकी भरलेली होती. भरलेली टाकी असताना मोटर बंदच राहते. टॉवेल असो नसो. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आप्पा ओरडत होते. मी त्यांची अक्षरं बारीक करत बसले. ब्लॉक केलं.

आज मंगळवार. तो उतरणार आहे.

नंतर. एसटीत.

फोन उचलत नाही. वाजतोय आणि उचलत नाही. शितलनं तिच्या गाडीवरून स्टँडवर सोडलं, काही विचारलं नाही. तिला आधीपासून माहीत होतं? आता त्याचं काय. या आठवड्यात लाईट दुपारी एकला येते. आबांना फोन लागत नाही, लग्नात असतील. सबस्टेशनला कुणी उचलत नाही.

काल संध्याकाळी बिरदेवचा मेसेज आला होता, आत्ता पाहिला. झेंडूला सगळं पाणी सोडलं. टाकी रिकामी केली.

न्हावऱ्याच्या पुढे.

दगडोबा मामांना फोन लागला! देवा. ते रानातच आहेत. म्हटलं, मामा, विहिरीवर पळा, बिरदेवला वर बोलवा. फोन चालू ठेवूनच गेले. वरून हाक मारली, मला ऐकू आली. आतून तो ओ म्हणाला, तेही ऐकलं. जिवंत आहे. म्हणाला, बोल्ट ढिला करतोय, एवढं झालं की आलोच, ताईला सांगा टॉवेल लटकवलाय.

मामा हसले. म्हणाले, बघ, टॉवेल लटकवलाय की, मग काय भ्यायचं पोरी.

मी ओरडले, टॉवेल खोटा आहे मामा, पेटी उघडा, फ्यूज काढा. बसमधले सगळे बघायला लागले.

त्यांचा आवाजच बदलला. म्हणाले, टॉवेल असलेल्या पेटीला मी हात लावायचा न्हाई. आत पोरगं हाय. वाडवडलांपास्नं कुणी लावला न्हाई. तू शिकलेली पोर, आन् असं सांगतीस?

फोन ठेवला. रागावून. सावलीत जाऊन बसले असतील. त्याची राखण करत.

पुन्हा लावते. उचलत नाहीत—

पारगावचा पूल. पुढे ट्रक आडवा. सगळं थांबलंय. उतरून पळाले तरी—

उचला मामा. उचला.

बिरदेवला मेसेज केला, वर ये. दोन निळ्या खुणा. वाचला? खिशात आहे मोबाईल त्याच्या? मग फोन का उचलत—

एसेमेस.

लाईट आली. मोटर चालू.

मामांना लावते. बिरदेवला. मामांना—

फोरमची सूचना आली. टॉवेलच्या पोस्टखाली नवं काहीतरी. आप्पांचं खातं ब्लॉक आहे. मीच केलंय. ठिपका हिरवा आहे पण नाव आप्पांचं नाही. नाव बिरदेव—

अक्षरं केवढी. पानभर. बारीक होत नाहीत. मी करतेय, होत नाहीत—

आत माणूस